दोन अक्षरांचा शोध

ओळख कक्षातली ताई सगळ्यांचीच ताई होती. खिडकीशी येणारे साठीचे गृहस्थ तिला ताई म्हणायचे, शिपाई ताई म्हणायचा आणि ज्यांच्या सहीशिवाय तिची रजा मंजूर होत नसे ते मोठे साहेबही काम अडलं की ताईच म्हणायचे. ज्याला तसं म्हणायचा खरा हक्क होता तो एकच माणूस गेली बारा वर्षं हाक मारायला नव्हता. हे कक्षात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ताई स्वतःचं रडगाणं गाणाऱ्यांतली नव्हती. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकण्यातच तिचा वेळ जायचा.

कक्ष म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीला काचेची खिडकी, काचेला खाली हात जाईल एवढं भोक, बाहेर एक लांब बाक आणि पाण्याचं पिंप. मागच्या खोलीत छतापर्यंत लोखंडी कपाटं आणि त्यांत फायलीच फायली. शहरातली इस्पितळं, पोलीस ठाणी आणि निवारे इथून रोज याद्या यायच्या, ज्यांची ओळख पटलेली नाही अशा माणसांच्या. काही जिवंत, पण बोलता न येणारे किंवा स्वतःचं नाव विसरलेले. बरेचसे मेलेले. ताई एकेका माणसाची एकेक ओळ संगणकात उतरवायची. तारीख, ठिकाण, स्त्री की पुरुष, वयोगट, बांधा, अंगावरच्या खुणा, कपडे. ओळीच्या शेवटी नोंद करणाऱ्याची अक्षरं. जागा कमी असायची, त्यामुळे कपड्यांचा रंग लिहायचा बहुतेक वेळा राहून जायचा.

आणि खिडकीशी माणसं यायची. कुणाचा मुलगा गेलेला, कुणाचे वडील, कुणाची बायको. सोबत फोटो असायचा, तो हटकून कुठल्यातरी लग्नातला, हसरा, शेजारच्याचं कोपर कापलेला. फोटो संगणकाला कळत नाही हे ताई समजावून सांगायची आणि मग एकेक खूण विचारायची. वयाशी आली की गाडी नेमकी अडायची.

"वय किती?"

"अठरा."

"हरवून किती दिवस झाले?"

"दिवस कसले ताई, सहा वर्षं झाली."

"मग अठराचा कसा राहील, काका? चोवीसचा झाला असेल की. हरवला तेव्हाचं वय नको, आजचं सांगा."

काका चपापायचे. बोटांवर मोजायचे आणि चोवीस म्हणताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा, कारण चोवीस वर्षांचा तो मुलगा त्यांनी पाहिलेलाच नसायचा. ताईने हे वाक्य इतक्यांदा म्हटलं होतं, की एके दिवशी शिपायाने कंटाळून ते पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खिडकीच्या वर टांगलं. 'हरवले तेव्हाचे वय सांगू नये. आजचे सांगावे.' मोठ्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली. पाटी बाहेरच्यांना दिसेल अशी होती. ताईच्या बाजूने नुसता कोरा पुठ्ठा दिसायचा.

संगणक म्हणजे जुनाट प्रकरण होतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस असून नसल्यासारखा. काही शोधायचं तर आख्खी कमांड हाताने टाइप करावी लागे. कुठल्या फायलींत शोधायचं, पुरुष की स्त्री, कुठला वयोगट, कुठली खूण, सगळं एका दमात, अवतरणचिन्हांसकट. पाऊण ओळ व्हायची. त्यात एक टिंब चुकलं की संगणक तोंड वाकडं करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. समोर काचेपलीकडे एखादी बाई पदर तोंडाशी धरून उभी, आणि इकडे ताई अवतरणचिन्ह शोधतेय. तिला त्याची लाज वाटायची.

त्यावर उपाय दिला मास्तरांनी. मास्तर म्हणजे तिच्या आधीपासून कक्षात असलेले संगणकवाले गृहस्थ. शिकवायची हौस दांडगी म्हणून मास्तर, एरवी शाळेशी त्यांचा संबंध आला होता तो फक्त विद्यार्थी म्हणून, आणि तोही त्यांनी लवकर तोडला होता.

"घरात पोराचं नाव भलंमोठं ठेवता ना तुम्ही लोक?" मास्तर म्हणाले होते. "आणि हाक काय मारता? बाळ्या, सोन्या. तसंच हे. जी कमांड रोज लागते तिला टोपणनाव देऊन टाक. दोन अक्षरं लिहिलीस की बाकीचं यंत्र आपलं आपण समजून घेईल."

ताईला ही गोष्ट फार आवडली. तिने टोपणनावांची फौजच उभी केली. अंगावर गोंदवलेलं असलेल्यांसाठी एक, कवळी असलेल्यांसाठी एक, घरचा पत्ता विसरलेल्या म्हाताऱ्या बायकांसाठी एक, शाळेच्या गणवेशातल्या मुलांसाठी एक. मास्तर खूश झाले, पण जाता जाता म्हणाले, "एक लक्षात ठेव. टोपणनाव चालू झालं की आतलं मूळ नाव विसरायला होतं. महिन्या-दोन महिन्यांनी उघडून बघत जा, आत काय लिहिलंय ते."

"हो हो," ताई म्हणाली. असल्या सूचनांना आपण सगळेच हो हो म्हणतो.

त्या फौजेतलं एक टोपणनाव तिचं स्वतःचं होतं.

तिचा धाकटा भाऊ बावीस वर्षांचा असताना घरातून गेला. त्याला घरात टिल्लू म्हणायचे. वाढून दाराच्या चौकटीला टेकला तरी टिल्लूच. तिने खटपट करून त्याला एका कारखान्यात चिकटवलं होतं, चौथ्या दिवशी तो काम सोडून घरी आला, आणि ती त्याला जे बोलली ते तिला आजही शब्द न शब्द पाठ होतं. "आयुष्यभर आम्हीच तुला पोसायचं का?" एवढंच वाक्य. त्याने एक पिशवी घेतली आणि तो गेला. पुढच्या वर्षी कुठल्याशा दुकानातून त्याचा फोन आला. "आई, मी ठीक आहे," म्हणाला आणि ठेवून दिला. त्यानंतर काही नाही.

ताई तेव्हा याच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी राहायची. दर सोमवारी. इतके सोमवार आली, की इथली एक जागा रिकामी झाली तेव्हा मास्तरांनीच तिला अर्ज करायला सांगितलं. अशी ती काचेच्या आत आली.

आत आल्यावर पहिले काही महिने तिचे फार हाल झाले. यादीतली प्रत्येक ओळ ती वाचायची आणि प्रत्येक तरणा पुरुष तिला टिल्लूच वाटायचा. दाढीवाला असला तर त्याने दाढी ठेवली असेल, बुटका असला तर मोजणाऱ्याचं चुकलं असेल. तिचा डबा न उघडता घरी परत जायचा. शेवटी मास्तर खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले.

"तू वाचू नकोस," ते म्हणाले. "तू नुसतं उतरव. वाचायचं काम यंत्राला दे. सांग भावाच्या खुणा."

तिने सांगितल्या. डाव्या भुवईत आडवी खूण, लहानपणी आईच्या शिलाई मशीनच्या कोपऱ्यावर आपटला होता तिची. उजव्या हाताची करंगळी वाकडी, ती ताईनेच दार लावताना चिरडली होती, तो पाच वर्षांचा असताना. मास्तरांनी कमांड जुळवली, पुरुष, वयोगट एकवीस ते पंचवीस, भुवई आणि करंगळी. टोपणनाव दोन अक्षरांचं ठेवलं, टिल्लूमधलंच.

तेव्हापासून ताई वाचायची थांबली. डोळ्यांतून अक्षरं बोटांत उतरायची, मध्ये कुठे थांबायची नाहीत. संध्याकाळी निघायच्या आधी ती ती दोन अक्षरं टाइप करायची. पडद्यावर काहीच यायचं नाही, नुसती रिकामी ओळ. तिचा जीव भांड्यात पडायचा. मग ती डबा पिशवीत टाकून घरी जायची.

घरी आई मशीनवर बसलेली असायची. आई शिवणकाम करायची, आजूबाजूच्या चार गल्ल्यांतल्या बायका तिच्याकडे यायच्या. ताईच्या चपलांचा आवाज आला की ती मशीन न थांबवता विचारायची, "आज काही?"

"नाही."

"बरं झालं."

बारा वर्षं हेच. त्या 'नाही'वर आईचा पुढचा दिवस चालायचा.

आईचं एक वेड होतं. टिल्लूच्या वाढदिवसाला ती दर वर्षी त्याच्यासाठी एक शर्ट शिवायची. ठीक आहे, आईचं मन आहे. पण ती माप वाढवत जायची. सव्विसाव्याला खांद्यात जरा वाढवलं, अठ्ठाविसाव्याला कंबरेत अर्धा इंच. ताई चेष्टा करायची.

"अगं, माणूस समोर नाही आणि तू त्याचं पोट वाढवतेस?"

"तुझ्या बापाचं तिशीतच सुटलं होतं," आई तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणायची. "हा त्याच्याच वळणावर गेलाय. यायच्या दिवशी शर्ट छातीवर ताणला तर चारचौघांत बरं दिसेल का?"

शर्ट कपाटात एकावर एक रचलेले असायचे. नवा वर.

मास्तर निवृत्त झाले. वर्षं गेली. मग वरून आदेश आला, की जुना संगणक काढायचा आणि नवी यंत्रणा बसवायची. ती बसवायला एक इंजिनीअर बाई आल्या, चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. दोन दिवस त्या ताईच्या शेजारी बसून काम बघत होत्या.

"ताई, तुमची ही टोपणनावं भारीच आहेत हो," त्या म्हणाल्या. "पण नव्या यंत्रणेला ती कळायची नाहीत. मला आतल्या मूळ कमांड लागतील. यादी छापून द्याल?"

"देते की. अर्ध्या तासात देते."

इंजिनीअर बाई जेवायला गेल्या. ताईने टोपणनावांची सगळी यादी पडद्यावर मागवली. डावीकडे टोपणनाव, समोर मूळ कमांड. गोंदण, कवळी, म्हाताऱ्या बायका, मुलं. किती वर्षांनी ती हे आतलं बघत होती. काही ठिकाणी मास्तरांचा हात ओळखू येत होता, ते उगाच दोन जागा सोडायचे. ती हसली. मग खालून तिसऱ्या ओळीवर नजर गेली.

पुरुष. एकवीस ते पंचवीस.

तिने ओळ पुन्हा वाचली. काचेच्या वर टांगलेल्या कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघितलं. त्याच्या पलीकडच्या बाजूला काय लिहिलंय हे तिला न बघता ठाऊक होतं. टिल्लू आता चौतीस वर्षांचा होता. पंचविशी ओलांडून त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि ही नऊ वर्षं ती रोज संध्याकाळी कुठेच नसलेल्या एका बावीस वर्षांच्या पोराला शोधत होती आणि तो सापडत नाही म्हणून सुखाने घरी जात होती.

खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. ताई म्हणाली, "पाच मिनिटं हं, बसा जरा." तिचा आवाज नेहमीसारखा निघाला याचंच तिला नवल वाटलं.

तिने टोपणनाव वापरलं नाही. हाताने, अक्षर अक्षर करत, आख्खी कमांड टाइप केली. वय काढून टाकलं. सगळ्या वर्षांच्या फायली घेतल्या. आधी नुसती भुवई मागितली. भुवईवर खूण असलेले बरेच पुरुष आले, पडदा भरून वर सरकला. मग तिने दोन्ही खुणा एकत्र असलेला माणूस मागितला. भुवई आणि करंगळी.

एकच ओळ आली.

चार वर्षांपूर्वीची तारीख. इस्पितळ याच शहरातलं, दोन बस बदलून जायचं. पुरुष, वयोगट सव्वीस ते तीस. बांधा अत्यंत कृश. डाव्या भुवईत जुनी आडवी खूण, उजवी करंगळी वाकडी. स्थिती जिवंत, नाव सांगत नाही. त्याच ओळीत पुढे जोडलेली दुसरी तारीख, मृत्यूची. दोन तारखांत एकोणीस दिवस. ओळीच्या शेवटी नोंद करणाऱ्याची अक्षरं. ती तिची होती.

ताईने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. याच बोटांनी तिने त्याची करंगळी लिहिली होती. लिहून, पुढची ओळ घेतली होती. त्या दिवशी संध्याकाळी दोन अक्षरं टाइप केली होती, रिकामी ओळ बघितली होती, आणि घरी जाऊन आईला नाही म्हणाली होती. आई बरं झालं म्हणाली होती. असे एकोणीस दिवस. तो जिवंत होता, दोन बसच्या अंतरावर.

मागच्या खोलीत जाऊन तिने फाइल काढली. फोटो होता. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली, तरी कपाळ आईचंच. नुसता फोटो हातात आला असता तर तिने ओळखला असता की नसता, हे तिला कळेना, आणि त्या न कळण्यानेच तिला रडू फुटलं. फाइलमध्ये वॉर्डाचे कागद होते, ते मृत्यूनंतर आलेले. एका कागदावर नर्सने लिहिलं होतं, 'रुग्ण अधूनमधून ताई म्हणतो. आणखी काही सांगत नाही.' शेवटच्या कागदावर, महिनाभर कुणी न आल्याने पालिकेने अंत्यविधी केल्याची नोंद.

कपाटाला टेकून ती किती वेळ बसली कुणास ठाऊक. शिपाई बोलवायला आला. "ताई, ती बाई कधीची थांबलीय."

ती उठली. तोंडावर पाणी मारलं, जागेवर जाऊन बसली आणि काचेच्या भोकाकडे वाकली. बाईचा नवरा हरवला होता. ताईने सगळं विचारलं. वयाशी आल्यावर बाई म्हणाली, "चाळीस. म्हणजे गेला तेव्हा चाळीस." ताईने नुसतं पाटीकडे बोट केलं. बाईने वाचलं आणि स्वतःच म्हणाली, "त्रेचाळीस."

इंजिनीअर बाईंना तिने यादी दिली. खालून तिसरी ओळ तिने खोडली होती.

"ही नको का?" त्यांनी विचारलं.

"नको. ते काम झालं."

घरी जाताना तिने दोन बस सोडल्या. आईला काय सांगायचं हे तिला ठरवता येईना. नाही म्हटलं तर आई आणखी वीस वर्षं शर्ट शिवत बसेल. हो म्हटलं तर उद्या सकाळी ती उठेल कशासाठी? तिसरी बस आली तेव्हा काही न ठरवताच ती चढली.

मशीनचा आवाज जिन्यातच ऐकू आला. तिने चपला काढल्या.

"आज काही?"

'नाही' तोंडात तयार होतं. बारा वर्षांची सवय.

"हो," ती म्हणाली.

आईने चाकावर हात ठेवला. मशीन थांबलं. ताई तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि सांगत गेली. इस्पितळ, भुवई, करंगळी. आई सुईखालचं कापड बोटाने सरळ करत राहिली. सांगून झाल्यावर म्हणाली, "केव्हा?"

"चार वर्षांपूर्वी. तिसाचा होता."

"मग तू रोज बघत होतीस ते?"

"मी त्यात त्याचं वय वाढवलंच नाही, आई. त्यात तो बावीसचाच राहिला."

आईने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर ताईला सोसला असता.

"मी तर दर वर्षी तुझ्यासमोरच माप वाढवत होते गं," आई म्हणाली.

ताईने आईच्या मांडीवर डोकं टेकलं. बऱ्याच वेळाने आईचा हात तिच्या केसांवर आला.

"लगेच गेला का? की पडून होता?"

एकोणीस दिवस. अधूनमधून ताई म्हणतो.

"लगेच," ताई म्हणाली. "त्याच दिवशी."

"सुटला."

आई उठली. गुडघ्यांवर हात देऊन, एकेक पाऊल टाकत कपाटाशी गेली. शर्टांची ती चळत तिने दोन्ही हातांनी उचलून पलंगावर ठेवली आणि वरून मोजायला लागली. चौतीस, तेहेतीस, बत्तीस, एकतीस. हे चार तिने बाजूला सारले, नीट, घडी न मोडता. पाचवा उचलला. पांढरा, निळ्या बारीक रेघांचा. तो तिने उलगडला, खांद्यांना धरून हवेत उभा केला, आणि कंबरेपाशी आतून शिवण चाचपून बघितली.

"तिसाव्याला मी कंबरेत पाऊण इंच वाढवला होता," ती म्हणाली. "सैल झाला असता का गं त्याला?"

ताईच्या डोळ्यांपुढे ती ओळ आली. बांधा अत्यंत कृश.

"नाही," ती म्हणाली. "बरोबर बसला असता."